निष्कासनावर तात्पुरती बंदी आणि त्रासदायक भाडेकरू: घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या साथीत महाराष्ट्रात घर रिकामे करून घेण्याच्या आदेशांच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळाली होती. प्रथम २०२० मध्ये आणि दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ पासून, पुन्हा एकदा. थकलेले भाडे, मुदत संपूनही न सुटलेली घरे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांतून त्या काळात उभे राहिलेले वाद साथ ओसरली म्हणून संपले नाहीत, आणि अशी परिस्थिती पुन्हा येणारच नाही असे कोणी म्हणू शकत नाही. ही उत्तरे एखाद-दुसरे घर भाड्याने देणाऱ्या, त्या भाड्यावर गृहकर्जाचा हप्ता किंवा निवृत्तीनंतरचा घरखर्च भागवणाऱ्या घरमालकांसाठी आहेत. प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रे वेगळी असतात, म्हणून पुढचे पाऊल उचलण्यापूर्वी ती आपल्या वकिलांना दाखवावीत.

बंदी नेमकी कशावर होती?

लोकांच्या बोलण्यात 'बंदी' हा एकच शब्द असला तरी प्रत्यक्षात तीन वेगवेगळे आदेश होते आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे बराच गोंधळ झाला. पहिला आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली काढला. कामगारांकडून, विशेषतः स्थलांतरित मजुरांकडून, एक महिना भाडे मागू नये आणि मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना घर सोडायला भाग पाडणाऱ्या घरमालकावर कारवाई व्हावी, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या आदेशात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी दिलेल्या सूचनेत, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि या काळात भाडे थकले म्हणून कोणालाही घराबाहेर काढू नये, असे सांगितले होते.

तिसरा आदेश मुंबई उच्च न्यायालयाचा होता आणि घरमालकांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. न्यायालयात पोहोचणेच अशक्य झाले असताना कोणी बेघर होऊ नये, या हेतूने उच्च न्यायालयाने निष्कासन, ताबा काढून घेणे आणि बांधकाम पाडणे यांबाबत आधीच झालेले आदेश तूर्त अमलात आणू नयेत, असे निर्देश दिले आणि त्यांची मुदत वेळोवेळी वाढवली. या न्यायालयाची अधिकारकक्षा गोव्यापर्यंत जात असल्याने तेथील घरमालकांनाही हे निर्देश लागू होते.

या तिन्हींपैकी एकाही आदेशाने भाडेकरूला घरावर नवा हक्क दिला नाही, घरमालकाचा हक्क काढून घेतला नाही आणि दावा दाखल करण्यास मनाई केली नाही. थांबली होती ती प्रक्रियेची शेवटची पायरी, म्हणजे प्रत्यक्ष ताबा घेणे. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

मग बंदीच्या काळात नोटीस देण्यात किंवा दावा दाखल करण्यात अर्थ आहे का?

निश्चित आहे, आणि आमच्या मते थांबून राहणे ही त्या काळात घरमालकांकडून झालेली सर्वांत महाग चूक होती. नोटिशीची मुदत, समन्स बजावणी, लेखी म्हणणे, पुरावा या सगळ्या पायऱ्यांना बंदी नसतानाही कित्येक महिने लागतात. बंदी उठेपर्यंत थांबणाऱ्याला ते सारे महिने बंदीनंतर मोजावे लागतात, शिवाय तोवर न्यायालयापुढे प्रकरणांची रांग लागलेली असते. नोटीस स्पीड पोस्टाने पोच-पावतीसह पाठवावी, पाकीट न स्वीकारता परत आले तर ते न फोडता तसेच जपून ठेवावे आणि तीच नोटीस ई-मेल व व्हॉट्सॲपवरही पाठवून त्याची नोंद ठेवावी.

माझ्याकडचा माणूस कायद्याने भाडेकरू आहे की परवानाधारक? फरक पडतो का?

फार मोठा फरक पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे आणि त्यात या दोघांसाठी वेगवेगळे मार्ग आहेत. पागडीने दिलेली जुनी घरे आणि प्रत्यक्ष भाडेपट्ट्याने दिलेल्या जागा यांतील व्यक्ती भाडेकरू ठरते. तिच्याविरुद्ध बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र सक्षम दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, व त्यासाठी कायद्यात सांगितलेले एखादे कारण सिद्ध करावे लागते. अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार करून राहणारी व्यक्ती मात्र परवानाधारक असते आणि राहत्या घराच्या बाबतीत तिच्यासाठी कलम २४ चा जवळचा रस्ता आहे. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, येथेही तसेच म्हटले आहे. परंतु अर्ज करण्यापूर्वी आपला करार कोणत्या प्रकारचा आहे ते पाहणे अत्यावश्यक आहे. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपनीला जागा दिली असेल, तर हा अधिनियम मुळातच लागू होत नाही.

कराराची मुदत संपली, पण 'आता काढता येणार नाही' असे सांगून तो घर सोडत नाही. काय करावे?

कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच घराचा ताबा परत करणे परवानाधारकावर बंधनकारक आहे. तो न दिल्यास घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच अधिनियमाखाली अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी करारातील परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. दुपटीची ही आकारणी बंदीमुळे रद्द झाली, असे कोणत्याही आदेशात म्हटलेले नव्हते. म्हणून नोटिशीत मुदत संपल्याची तारीख, दुपटीचा दर आणि तो कोणत्या दिवसापासून लागू होईल, हे तिन्ही स्पष्ट लिहावे. साथीमुळे अडकलेल्या कुटुंबाकडून दुप्पट रक्कम प्रत्यक्षात वसूल करायची की नाही, हा घरमालकाच्या विवेकाचा प्रश्न आहे, मात्र मागणी कागदावर नसेल तर पुढे तडजोडीत सोडून देण्यासारखेही हाती काही उरत नाही.

सक्षम प्राधिकाऱ्यापुढची प्रक्रिया दाव्यापेक्षा वेगळी असते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत परवानाधारकाने शपथपत्र दाखल करून बचाव करण्याची परवानगी मिळवावी लागते. ती मिळाली नाही तर घरमालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरून आदेश होतो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जात असल्याने 'तोंडी काही वेगळेच ठरले होते' या बचावाला येथे फारशी जागा राहत नाही. या आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज करता येतो.

नोंदणी केलेला करार नसेल तर मात्र हीच वाट अडते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते, आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एक-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी साध्या नोटरी केलेल्या कागदावर घर देणे किती धोक्याचे आहे, हे नेमके अशा बंदीच्या काळात कळते.

भाडेकरूने अनेक महिने भाडे दिलेले नाही. थकबाकी हे कारण पुरेसे आहे का?

भाडेपट्ट्याच्या भाडेकरूच्या बाबतीत कलम १५ नुसार प्रथम थकबाकीची लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिला नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लावल्यानंतरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत त्याने सर्व थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्चही दिला, तर या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. ज्याची नोकरी साथीत गेली आणि नंतर परत मिळाली, त्याच्यासाठी ही तरतूद आधार आहे, आणि ती तशी असणे योग्यच आहे. भाडे देण्याची ऐपत असूनही बंदीची ढाल करणाऱ्याला मात्र नव्वद दिवसांची ही नोटीस लवकरात लवकर मिळालेली बरी.

साथीमुळे त्या काळातले भाडे माफ झाले, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

नाही. गृहनिर्माण विभागाची सूचना भाडेवसुली पुढे ढकलण्याची होती, भाडे माफ करण्याची नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयानेही २१ मे २०२० रोजी खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात टाळेबंदीचे कारण देऊन भाडे स्थगित करण्याची मागणी फेटाळली आणि फक्त भरण्यासाठी काही सवड दिली. करारातच आपत्तीच्या काळात भाड्यात सूट देणारे कलम असेल तर गोष्ट वेगळी. थोड्या फरकाने हेच गृहकर्जाचे झाले होते: रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, व्याजाची आकारणी मात्र चालूच राहिली.

रात्री-अपरात्री आरडाओरडा, दारू पिऊन भांडणे, जिन्यात कचरा. शेजारी माझ्यामागे लागले आहेत. उपद्रव कसा सिद्ध करायचा?

कलम १६ मध्ये शेजारच्या रहिवाशांना होणारा उपद्रव किंवा त्रास हे ताबा मिळण्याचे स्वतंत्र कारण आहे. येथे एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. कायद्यात शेजारच्या किंवा जवळपासच्या रहिवाशांना होणारा त्रास अभिप्रेत आहे; दुसऱ्या गावी राहणाऱ्या घरमालकाशी भाडेकरू फोनवर उर्मटपणे बोलतो, एवढ्याने हे कारण सिद्ध होत नाही. म्हणून खरा साक्षीदार शेजारी असतो आणि त्याचे म्हणणे तेव्हाच्या तेव्हा लिहून घेतलेले असावे लागते.

'हा माणूस नेहमी त्रास देतो' या वाक्याला न्यायालयात किंमत नसते. वहीतली नोंद अशी हवी: तारीख आणि वार, रात्री एक वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या मजल्याच्या मोकळ्या जागेत शिवीगाळ सुरू झाली, समोरच्या घरातल्या आजी दार उघडून बाहेर आल्या, रखवालदाराने वर येऊन समजावले, पावणेदोनला आवाज थांबला, नोंद करणाऱ्याची सही. अशा दहा नोंदी, सोसायटीने त्याच काळात दिलेली दोन लेखी समजपत्रे, रखवालदाराच्या नोंदवहीतील त्याच तारखेचे पान आणि शेजाऱ्याचे शपथपत्र एकत्र ठेवले, की कारण उभे राहते. जिन्यातील कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याचे पत्र सोसायटीच्या सचिवांना त्याच आठवड्यात द्यावे. ते पुढे न्यायालयात देताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. टाळेबंदीत सगळे घरीच असल्याने मुलांचा दंगा, भांड्यांचे आवाज आणि दिवसभराच्या बैठका यांच्याही तक्रारी झाल्या. त्यांना उपद्रव म्हणणे अन्यायाचे आहे आणि न्यायालयही ते मान्य करण्याची शक्यता कमी आहे.

धमक्या, मारहाण किंवा बेकायदा धंदा चालू असेल तर?

त्यासाठी बंदी उठण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. फौजदारी कायदा कोणत्याही काळात स्थगित नव्हता. दखलपात्र गुन्हा असेल तर पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदवावी. अदखलपात्र असेल तर निदान तशी नोंद करून तिची प्रत घ्यावी. भाडेकरूची माहिती आधी पोलिसांना दिलेली असेल, तर तिची पोचही सोबत न्यावी. मात्र पोलीस घर रिकामे करून देत नाहीत, तो अधिकार त्यांना नाही. तशी तोंडी हमी देणाऱ्या मध्यस्थापासून दूरच राहावे.

कुलूप बदलले किंवा वीज-पाणी तोडले तर तो आपणहून जाईल, असा सल्ला मिळतो. तसे करावे का?

कदापि करू नये. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि स्वच्छता या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडणे किंवा अडवणे घरमालकाला मना आहे, आणि भाडेकरू न्यायालयाकडून त्या पुन्हा सुरू करून घेऊ शकतो. सोसायटीच्या समितीकडून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करवणे हाही त्यातलाच प्रकार आहे, कारण 'घरमालकाच्या सांगण्यावरून' केलेली कृतीही घरमालकाच्याच खात्यावर मांडली जाते. विजेचे बिल भाडेकरूने थकवले आणि वीज कंपनीने तिच्या नियमांप्रमाणे जोडणी तोडली, तर तो वेगळा विषय आहे.

कुलूप बदलण्याचा परिणाम याहून वाईट होतो. कायदेशीर मार्ग सोडून ज्याचा ताबा हिसकावला गेला, तो सहा महिन्यांच्या आत विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न पाहिलाच जात नाही. पाहिले जाते ते एवढेच की ताबा कोणाकडे होता आणि तो कसा गेला. म्हणजे महिनोन्‌महिने भाडे थकवणारा, शेजाऱ्यांना नकोसा झालेला माणूस न्यायालयाच्या आदेशाने सन्मानाने घरात परत येतो आणि घरमालक आरोपी होतो. बंदीच्या काळात त्यात सरकारी आदेश मोडल्याच्या गुन्ह्याची भर पडत होती. ज्या घरात लहान मुले, आजारी माणसे आहेत त्या घराचे पाणी साथीत तोडणे हे कायद्याच्या आधी माणुसकीला सोडून आहे, हेही येथे स्वच्छ सांगितले पाहिजे.

मुदत संपल्यावरही तो दरमहा खात्यात रक्कम जमा करतो. ती स्वीकारली तर माझा हक्क जातो का?

न बोलता स्वीकारत राहिल्यास, नवा करार झाला किंवा नोटीस सोडून दिली, असे म्हणायला त्याला जागा मिळते. रक्कम परत करणे प्रत्येकाला परवडत नाही. अशा वेळी प्रत्येक रकमेनंतर त्याच दिवशी एका ओळीचा संदेश पाठवावा: 'आपण जमा केलेली रक्कम मुदतीनंतरच्या वास्तव्याच्या नुकसानभरपाईपोटी, माझे सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारली आहे.' भाडे या नावाची पावती देऊ नये.

थकबाकी अनामत रकमेतून वळती करून घ्यावी का?

ताबा मिळण्यापूर्वी शक्यतो नको. अनामत संपली की विजेचे शेवटचे बिल, मोडलेले सामान आणि रंगकाम यांसाठी हाती काहीच राहत नाही आणि भाडेकरूला वेळेवर निघण्याचे कारणही उरत नाही.

इतका काळ गेल्यावर जुनी थकबाकी मागता येईल का?

भाड्याच्या थकबाकीसाठी तीन वर्षांची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला आहे. त्यामुळे जुन्या वाटणाऱ्या काही रकमा आपण दावा लावला त्या दिवशी मुदतीत होत्या, असे निघू शकते. प्रत्येक महिन्याचे भाडे ज्या दिवशी देय झाले त्या दिवसापासून वेगळी मुदत चालते, म्हणून एकत्रित आकड्याऐवजी महिनावार तक्ता करावा.

भाडेकरू स्वतःहून जायला तयार असेल तर बंदी आड येते का?

येत नाही. बंदी सक्तीला होती, संमतीला नव्हती. ज्याच्याकडून थकबाकी मिळण्याची शक्यता फारशी नाही, त्याला काही महिन्यांचे भाडे सोडून, अनामत परत करून आणि सामान हलवण्याचा टेम्पो देऊनही घर लवकर हाती येत असेल, तर आम्ही तोच सल्ला देऊ. त्या काळात गावी परतण्यासाठी पैसे नव्हते म्हणून अडकून पडलेली कुटुंबेही होती. त्यांना त्रासदायक म्हणणे चुकीचे ठरले असते.

तडजोड मात्र लेखी हवी. दावा चालू असेल तर संमतीच्या अटी न्यायालयात दाखल करून त्याप्रमाणे हुकूमनामा घ्यावा, म्हणजे शब्द फिरवल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दावा नसेल तर ताबा देताना साधी ताबा-पावती करावी: तारीख, वेळ, मिळालेल्या किल्ल्यांची संख्या, वीज मीटरचा आकडा, घरात राहिलेले सामान, परत दिलेली अनामत, दोन साक्षीदारांच्या सह्या. अनामतीचा धनादेश किल्ल्या हातात आल्यावर त्याच वेळी द्यावा. आधी नाही आणि 'नंतर बघू' असेही नाही.

मी परदेशात आहे आणि घर पुण्यात आहे. हे सगळे कोण करणार?

विश्वासातील नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावे. ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. दावा लावणे, पुरावा देणे, तडजोड करणे, ताबा घेणे आणि पैसे स्वीकारणे हे अधिकार त्यात वेगवेगळे नमूद केलेले असावेत. 'घराची सर्व कामे पाहणे' एवढे मोघम लिहिलेले मुखत्यारपत्र ऐन वेळी अपुरे पडते.

इमारतच धोकादायक असेल तर?

भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० रोजी जिलानी इमारत कोसळून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा निष्कासनाचे आदेश स्थगित होते आणि साथही जोरात होती. जीवितहानीचा धोका असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल घेऊन महापालिकेकडे आणि आवश्यक तर थेट उच्च न्यायालयाकडे जावे. सर्वसाधारण स्थगिती असतानाही न्यायालयाकडे विशिष्ट प्रकरणात परवानगी मागता येते. भाडेकरूला घाबरवण्यासाठी मात्र असा अहवाल 'मिळवू' नये.

ताब्याचा आदेश माझ्या हातात आहे, पण स्थगितीमुळे अडला आहे. तोवर काय करता येईल?

दोन गोष्टी करता येतात. भाडेकरू अपिलात जाऊन वेगळी स्थगिती मागणार असे वाटत असेल, तर कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी न्यायालयाला आगाऊ विनंती, दाखल करावे. ते नव्वद दिवस टिकते आणि नंतर पुन्हा दाखल करावे लागते. त्याने अशी स्थगिती मागितलीच, तर आदेशाच्या दिवसापासून बाजारभावाप्रमाणे दरमहा रक्कम भरण्याची अट घालावी, अशी विनंती करावी. ताब्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती देताना वाजवी भरपाईची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी त्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतीतील दोन-तीन नोंदणीकृत करारांच्या प्रती जोडाव्यात.

बंदी उठल्यावर प्रत्यक्ष ताबा कसा मिळतो?

न्यायालयाच्या हुकूमनाम्यासाठी दरखास्त, म्हणजे तो अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करावी लागते. तिला बारा वर्षांची मुदत असली तरी पहिल्याच आठवड्यात दाखल करणे शहाणपणाचे आहे. न्यायालय ताबा वॉरंट काढते आणि बेलीफ ते बजावतो. विरोधाची शक्यता असेल तर पोलीस बंदोबस्तासाठी आधी अर्ज करून त्याचे शुल्क भरावे. ठरलेल्या दिवशी कुलूपवाला, नवे कुलूप, दोन पंच आणि सामानाची यादी करायला एक लिहिणारा माणूस सोबत असावा. आत राहिलेले सामान भाडेकरूचेच असते. त्याची यादी पंचनाम्यात घ्यावी, छायाचित्रे काढावीत आणि बेलीफ सांगेल तसे ते सांभाळावे किंवा त्याच्या हवाली करावे. औषधे, मुलांची शाळेची कागदपत्रे आणि ओळखपत्रे वेगळी काढून त्याच दिवशी भाडेकरूच्या हातात द्यावीत आणि त्यांची पोच घ्यावी.